वेज, वाळूचा खड्डा आणि माझा हात

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार

पन्नासांतले एकतीस चेंडू वाळूत! सकाळी सातपासून चेंबूरला गोल्फ क्लबच्या सरावाच्या पट्ट्यावर उभा होतो. हातात वेज – चेंडू उंच उडवून खड्ड्यापलीकडे अलगद टाकायचा, एवढंच काम या काठीचं. तीस यार्ड! शाळेतली पोरं हातानं फेकतील. आणि माझा हात ऐन वेळी वळतो. मी वळवत नाही. वळतो.

१९ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. भीती गोल्फची नाही. आप्पांचा, माझ्या वडिलांचा, हात पन्नाशीत असाच हलायला लागला. आधी किंचित, मग पेला धरवेना. कंपवात. मी एकोणपन्नासचा. आणि धंदा काय, तर डोळ्यांचा डॉक्टर! लोकांच्या बुबुळावर सुरी धरायची.

आज घाटकोपरच्या दवाखान्यात भांडुपच्या सुलक्षणाबाई आल्या. वर्षभर थांबल्यात. उन्हाळ्या-पावसाळ्यात मोतीबिंदू काढला तर डोळा पिकतो, हे आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. "थंडी पडली, डाक्टर. आता तरी काढा. नातीचं तोंड दिसू दे." पुढच्या आठवड्यात बघू, म्हणालो. थापाडा मी!

२२ नोव्हेंबर

आज सव्वीस वाळूत. हात पुढे करून, बोटं पसरून पाहिली का? नाही. धीर होत नाही. रोग्यांना दिवसातून दहा वेळा 'घाबरू नका' म्हणणारा मी! बायकोला, कुंदाला, यातलं काही सांगितलं नाही. उगाच घाबरायची.

२४ नोव्हेंबर

विद्याधरला पत्र लिहिलं. कॉलेजातला सोबती, गिरगावात डोळ्यांचाच दवाखाना. या हंगामातले माझे सगळे मोतीबिंदू तू कर, एवढंच. पाकीट चिकटवलं. टपालात टाकलं नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

काशीराम! माझी काठ्यांची पिशवी वाहणारा मालवणकडचा म्हातारा. तीन वर्षं मुकाट मागून चालतो. आज आणखी एक चेंडू वाळूत गेला तसा पुढे आला आणि वेज सरळ माझ्या हातातून काढून घेतली.

"हात नाय हो हलत तुमचो, डाक्टर. मूठ फिरता!"

मुठीवरचं चामडं त्यानं दोन बोटांनी पिळलं. गर्रकन फिरलं – आतली दांडी जागच्या जागी.

"हिका तेल कोणी चोळलां?"

मी! दुसरं कोण? पावसाळ्यात मैदान बंद. चामड्याला बुरशी धरू नये म्हणून जोड्यांना चोळतो तसं एरंडेल चोळलं. बाकीच्यांना एकदाच, ही लाडकी म्हणून हिला दर आठवड्याला. आतला सरस सुटणार नाही तर काय होईल? अति तिथे माती!

काशीराम हसला नाही. मीच तिथे गवतावर बसून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दुसऱ्या एकाची वेज मागून घेतली. दहांतले नऊ पलीकडे! आणि मग हात पुढे केले, बोटं पसरली. जरासुद्धा हलली नाहीत. हुश्श!

घरी येताच पत्र शेगडीत.

२९ नोव्हेंबर

सुलक्षणाबाईंचा उजवा डोळा केला. शेंगेतून दाणा निघावा तसा मोतीबिंदू बाहेर आला. किती बरं वाटलं, लिहिता येत नाही.

८ डिसेंबर

पट्टी सोडली. चाचणीची जाड काच डोळ्यापुढे धरली. बाई नातीकडे बघत राहिल्या. "अगो, दात कधी पडले तुझे?"

९ डिसेंबर

जेवताना कुंदाला सगळं सांगून टाकलं – आप्पा, भीती, एरंडेल. वाटलं, रडेल. ती आमटी वाढत होती.

"मला दसऱ्यापासून ठाऊक होतं. पेला दोन्ही हातांनी धरायला लागलात तेव्हाच. म्हणून तर रोज सुई ओवून मागत होते. एकदाही दोरा चुकला नाही तुमचा."

"अगं, मला वाटलं, तुला सुईचं नाकं दिसत नाही!"

"वाटलं ना? मग माझे डोळे तपासलेत कधी?"

दोन महिने रोज सुई ओवून दिली. डोळ्यांचा डॉक्टर! तिचे डोळे तपासावेत, हे एकदाही मनात आलं नाही.