जुगोत बोललेलं धरत नाहीत

'लास्ता' बोट, कोर्चुला बंदर
शनिवार, सकाळचे सहा

प्रिय पेरिना,

'प्रिय' वाचून भुवया वर चढवू नकोस. पत्र सुरू करण्यात माझे तीन कागद फाटले आहेत आणि चौथा फाडायची माझी तयारी नाही. तुझी बोट माझ्या बोटीला खेटून उभी आहे, तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी चार हातांवर आहे, तू कांदा परततेयस त्याचा वास इथे येतोय. एवढ्या जवळच्या बाईला पत्र लिहितोय म्हणजे म्हातारा कामातून गेला, असं तू म्हणशील. माझा इंजिनवाला बेपो तर म्हणालाच. इंजिनघरातून डोकं वर काढून त्याने माझ्या हातातलं पेन पाहिलं आणि विचारलं, "कप्तान, मृत्युपत्र करताय का? मग तो मोठा पाना माझ्या नावावर करा."

या मोसमात पर्यटकांना घेऊन स्प्लिटहून निघालेल्या बहुतेक फेऱ्यांत माझी 'लास्ता' तुमच्या 'स्वेता आना'लाच लागून कशी उभी राहते, याचं निक्शाला फार नवल वाटतं. तुझा दीर कप्तान म्हणून हुशार आहे, पण माणूस भोळा. धक्क्याला जागा थोडी, म्हणून बोटीला बोट अशा पाच-पाच बोटी बांधायच्या आणि बाहेरच्यांनी आतल्यांच्या डेकवरून किनाऱ्यावर जायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. कोण कोणाशेजारी लागेल, हे कोण कधी बंदरात शिरतो त्यावर ठरतं. ह्वारला मी दोनदा बेटाआड नांगर टाकून तुम्ही पुढे जायची वाट पाहत बसलो होतो, हे आज कबूल करतो. पाहुण्यांना सांगितलं, इथलं पाणी पोहायला फार छान आहे. मे महिना होता. बिचारे कुडकुडत वर आले आणि छान होतं म्हणाले.

त्याची शिक्षाही मला मिळाली. माझे पाहुणे किनाऱ्यावर जाणार ते तुझ्या दारावरून, आणि तुझ्या पातेल्यात पाश्तित्साडा रटरटत असणार. वाइन आणि आलुबुखारात मुरलेल्या त्या मांसाच्या वासाने भल्याभल्यांची पावलं अडतात. ह्वारचा किल्ला बघायला निघालेल्या दोन डच बहिणी तुझ्या खिडकीपाशीच थांबल्या आणि त्यांचा किल्ला राहूनच गेला. वर तू सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "पाश्को, माणसांना जेवायला घालतोस की नुसती हवा दाखवून आणतोस?" चार बोटींवरचे खलाशी हसत होते. बेपोने केलेला रस्सा त्या दिवशी माशांना गेला आणि मीही तुझ्या ताटलीवरच जेवलो.

विस बेटाला बोट लागली की मी गावात जात नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कोमिझातल्या तुझ्या घराच्या त्या पायऱ्या मला अजून चढवत नाहीत. तेवीस वर्षांचा होतो मी, मालवाहू जहाजावर चौदा महिन्यांसाठी निघालो होतो, आणि प्रत्येक बंदरातून पत्र टाकीन असं तुला सांगून गेलो होतो. जेनोवा, अलेक्झांड्रिया, सान्तोस, एकूण एकोणीस बंदरं झाली. एकही पत्र टाकलं नाही. वाटायचं, परत जाणारच आहे की, तोंडीच सांगू. आणि तुझ्या दारी स्टिपे पोस्टमन रोज पायऱ्या चढून यायचा, कशासाठी, तर "आज पत्र नाही" एवढं सांगायला. कधी रुमालात अंजिरं घेऊन यायचा. असा माणूस चौदा महिने रोज दारात उभा राहिला तर शहाण्या मुलीने त्याच्याशीच लग्न करावं. तू केलंस. स्टिपे सोन्यासारखा माणूस होता, सहा वर्षांपूर्वी त्याला पोचवताना मी रडलो ते अगदी खरं रडलो. लोकांना मी सांगतो, माझं लग्न बोटीशी लागलंय. त्यात काही अर्थ नाही. मी आळशी होतो आणि पेरिना थांबेलच अशी मला घमेंड होती.

सोमवारी दुब्रोव्निकला दोर तपासता तपासता निक्शा सहज म्हणाला, "ही फेरी झाली की वहिनी म्युनिकला चालली, लेकाकडे, इवोकडे. जुळी झालीत ना त्याला. कायमचीच जाते म्हणते." मंगळवारच्या बसचं तिकीटही काढलंय म्हणे. त्यानंतर म्ल्येत बेटाला जुगो सुटला, दक्षिणेच्या त्या दमट वाऱ्याने दोन दिवस अडकून पडलो, सगळ्यांची डोकी जड, पाहुणे एकमेकांवर खेकसतायत. त्यातच मी तुझ्या डेकवर आलो आणि तोंडातून निघून गेलं, जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर. तू सार्डिनला मीठ लावत होतीस. मानही वर न करता हसलीस. "पाश्को, बाहेर जुगो आहे. दुब्रोव्निकचे सरदारसुद्धा या वाऱ्यात कुठला ठराव करत नसत म्हणतात. जुगोत बोललेलं धरत नाहीत. जा, डोक्यावर पाणी ओत." आणि मी गाढव, गंमत केली गं, असं म्हणून परत आलो. गंमत नव्हती.

आज पहाटे वारा फिरला. उत्तरेचा कोरडा बुरा सुटलाय, आभाळ धुतल्यासारखं झालंय, समोर पेल्येशात्सच्या किनाऱ्यावर कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय तेही दिसतंय. आजचं बोलणं धरावंच लागतं, म्हणून लगेच लिहायला बसलो. आधी "जाऊ नकोस" असंच लिहीत होतो. ते तीन कागद त्यातच गेले. मग कळलं, तूच थांबावंस हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा मागतोय. नातवंडं तुझी, तू जायलाच हवंस. म्हणून मी येतो. मंगळवारच्या त्याच बसचं एक तिकीट मी काल काढलं. 'लास्ता' हिवाळाभर गोदीत राहील, रंगरंगोटी बेपो बघेल. म्युनिकला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. बाळांचं मला काही कळत नाही, पण रडणाऱ्या पोराला घेऊन तासन् तास फेऱ्या मारायला मी कंटाळणार नाही. ईस्टरला परत यायचं की नाही, ते तू ठरव.

आता कामाचं. माझी बोट बाहेरच्या बाजूला आहे, तिचा दोर तुमच्या डेकवर अडकवलाय, आणि मी निघाल्याशिवाय तुम्हाला आणि आतल्या तिघींना हलता येत नाही. त्या दोराला आज तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं मी बेपोला आणि निक्शाला बजावलंय. आठ वाजता मी इंजिन सुरू करीन. मी नको असेन तर दोर काढून माझ्याकडे फेक; मी स्प्लिटला निघून जाईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. हवा असेन तर तो तसाच राहू दे. निक्शा बोंब मारेल, आतल्या बोटी भोंगे वाजवतील, पाहुणे घड्याळं बघतील. बघू देत. मी इंजिन बंद करून तुझ्याकडे कॉफी प्यायला येईन.

एक्केचाळीस वर्षं उशिरा लिहिणारा, पण तुझाच,
पाश्को