डाव्या हाताचा मार्का

बाबा, परवा यवतमाळला छापचित्रांची स्पर्धा होती, लाकूड कोरून कागदावर छापतात तसल्या चित्रांची. मी परीक्षक होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "परीक्षक म्हंजे काय करतं बे तू तिथं?" बसतो, बाबा. तिघं बसलो होतो. भिंतीला चित्रं, पुढ्यात गार होत चाललेला चहा, हातात गुणांचा कागद. कापसाच्या या वाईट वर्षांत चित्रंही कापसाचीच आली होती. भेगाळलेली जमीन, कपाळाला हात. पाहून पाहून मला काही वाटेनासंच झालं होतं. पहिल्या बक्षिसासाठी शेवटी दोन चित्रं उरली.

त्यातलं एक जिनिंगच्या कारखान्यातलं. कापसाची बांधलेली गाठ, तिच्यावर वाकलेला माणूस, गाठीवर आकड्यांचा पत्र्याचा साचा दाबून धरलेला आणि डाव्या हातात काळ्या रंगाचा ब्रश. जीभ दातात धरलेली. आमच्यातले ज्येष्ठ परीक्षक हसले. "उलटवायचं विसरला हा गडी. ब्रश डाव्या हातात आला, बघा." लाकडावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरतानाच उलटं काढावं लागतं, नवखे तिथं हमखास चुकतात. पण बाबा, गाठीवरचे आकडे सुलटे होते. विसरला असता तर तेही उलटेच आले असते. म्हणजे चूक नव्हतीच, चित्रातला माणूसच डावरा होता. मला हे दिसलं आणि मी चहाचा कप उचलला.

सातवीत असताना आमच्या वर्गाला दिग्रसचं जिनिंग दाखवायला नेलं होतं, आठवतं? तुम्ही गाठींवर मार्का मारताय, भुवयांवर रुई बसलेली, आणि मागून एक पोरगा ओरडतो, "अबे, हा तं डाव्या हातानं मारून राह्यला!" सगळे हसतात. मीही हसतो, सगळ्यात मोठ्यानं, तुम्ही माझे कोण ते कुणाला कळू नये म्हणून. तुम्ही मान वर करून एकदा पाहता आणि पुढच्या गाठीकडे वळता. संध्याकाळी कुणीतरी आईच्या कानावर घातलं. चुलीपाशी ती माझ्यावर खेकसली, "काहून हासला रे तू? जराशी लाज नाई वाटली?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "हासला तं हासला. मार्का बराबर पडला ना? झालं." मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात तुम्ही तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला मोराचा साचा करून दिलात. त्या मोरानं मी वह्यांचे पुठ्ठे रंगवले, दार रंगवलं, शेजारच्यांच्या म्हशीची पाठसुद्धा सोडली नाही. छापायला मी तिथं शिकलो. कुणी विचारलं तर मात्र कॉलेजातल्या सरांचं नाव सांगतो.

तर गुणांची बेरीज झाली आणि जिनिंगचं चित्र मागे पडलं. मग नावांची पाकिटं उघडली. ते दिग्रसच्याच एका बाईचं निघालं. तिची आई जिनिंगमध्ये कामाला होती. सोबत चिठ्ठी होती: 'हे आमच्या जिनिंगमधले मार्कावाले काका. ते डावरे होते. जिनिंग बंद पडल्यावरही रोज फाटकापाशी येऊन बसायचे.' ज्येष्ठ म्हणाले, "अरेच्चा! पण आता काय, निकाल तर लागला." मी म्हणालो, "हो ना." मग तिघांनीही निकालाच्या कागदावर सह्या केल्या. तुम्ही फाटकापाशी बसायचात हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी नागपुरात होतो, यायचं ठरवत होतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई! चिठ्ठी वाचल्यावर कसं झालं असेल हो तुम्हाला!" मी मान हलवली. काहीच झालं नव्हतं, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरांना लाकूड कसं धरायचं ते दाखवलं.

हे पत्र टाकणार तरी कुठं? वहीतच राहील. पण बायकोपाशी जे बोललो नाही ते लिहून ठेवतो. चिठ्ठीची गरज नव्हती, बाबा. ती दातातली जीभ दिसली तेव्हाच मी तुम्हाला ओळखलं होतं. त्यानंतर मी गुणांच्या कागदावर त्या चित्रापुढे दहापैकी चार लिहिले.