व्हायोलिनचा दुसरा टेक

जर्सी सिटी, शनिवार, १८ ऑक्टोबर २००८

आज आमच्या पॉन शॉपमध्ये, म्हणजे गहाणवटीच्या दुकानात, टीव्हीवाल्यांचं शूटिंग. जुन्या वस्तू पारखणं माझं रोजचंच, पण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा. एक म्हातारे गृहस्थ वारलेल्या बायकोचं व्हायोलिन विकायला आले होते. सारखे रुमालाने पुसत होते. आत जुन्या इटालियन कारागिराच्या नावाची चिठ्ठी. मी सांगून टाकलं, "सर, ही कारखान्यातली नक्कल आहे." त्यांचा चेहरा उतरला. डायरेक्टर खूश! म्हणाला, "मस्त! आता हेच पुन्हा, क्लोज-अप घेऊ." गृहस्थ बिचारे पुन्हा व्हायोलिन पुसायला लागले. मी म्हटलं, "मी परत नाही सांगणार." मालक चिडले, चिडू देत. गृहस्थांनी ते विकलंच नाही, छातीशी धरून घरी नेलं. बरं झालं. पण पहिल्यांदा तरी सगळ्यांदेखत का सांगितलं मी? आधी बाजूला घेऊन सांगता आलं असतं.