माझं तोंड असंच आहे

१२ ऑगस्ट २००२, सोमवार
सोनोग्राफी सेंटरवर आज तपासायला सुनंदावहिनी. मोजमापं नेहमीप्रमाणे मी घेतली. डॉक्टर सर शेवटी येऊन पाहतात आणि सही करतात. १६ आठवडे. डोकं ३४ मिमी, मांडीचं हाड २०. ठोके १५२. हाड मोजलं आणि मशीनचा प्रोब पोटावरून उचलला. पलीकडे, मुलगा की मुलगी पाहायला, गेले नाही. सरही गेले नाहीत.
वहिनीनं विचारलं, "हात हलवून राह्यलं का ताई?" हलवत होतं. तोंडाशी नेत होतं. स्क्रीन तिच्याकडे वळवली. हे नियमात नाही. नियमाविरुद्धही नाही.
घरी आई दारातच. "काय?" "सगळं ठीक." "बस, ठीक?" "ठीक."
जेवताना ती माझ्याकडे पाहत होती. भाजीत मीठ कमी होतं, तेवढंच बोलले.

१५ ऑगस्ट, गुरुवार
सुट्टी. दादा बैहरहून कालच आला. एरवी ऑफिस संपवून शनिवारी येतो. आई आणि तो स्वयंपाकघरात हळू बोलत होते. मी गेले की विषय लाइट जाण्याचा.
पिंकीची वेणी घातली. चार वर्षांची झाली, मान अजून स्थिर ठेवत नाही.
"आत्या, आई परवा गोंदियाले चालली. मले नाही नेत."
"काहून?"
"मोठ्या डॉक्टरकडे. पोटातल्या बाळाचं. आजी म्हणे, आत्याले सांगू नको."
वेणी वाकडी झाली. सोडून पुन्हा घातली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
आईला विचारलं. तिनं लपवलं नाही.
"तुले दिसली ना पोरगी? मंग आता लपवाचं काय?"
"मी पाहिलंच नाही."
"तोंड पाडून आलतीस."
"माझं तोंड असंच आहे."
"हौ. जन्मापासून." हसली. मग हसायची थांबली. "लामत्याले घरीच तू झालीस, तं दाई काहीच बोलली नाही. पोरगा झाला का वाजवतेत, ती थाळी बाहेर नाही वाजली. मी पडल्यापडल्या समजली. पोरगी झाली का कोणी बोलत नाही. तू बी बोलली नाहीस."
मला वाटत होतं, न बोलणं म्हणजे काही न सांगणं. आमच्याकडे ते उत्तर असतं. सोमवारी मी उत्तर दिलं होतं. जे मला माहीतच नाही ते.

१७ ऑगस्ट, शनिवार
गोंदियाची आठची बस. वहिनीची पिशवी दाराशी. दादाला म्हटलं, मी पाहिलेलं नाही, मुलगा की मुलगी मला माहीत नाही.
"सहा वर्षं मशीनवर बसतेस अन् पाह्यलं नाही? कोणाले सांगून राह्यली?"
म्हटलं, गोंदियात तपासून पुढचं काही केलंत, तर तक्रार मी लिहीन. तुझं नाव घालून, माझी सही करून.
"भावाची?"
"हो."
आवाज चढवला नाही. 
मग वहिनी पायरीवर बसली. पाच वर्षांत ती दादापुढे कधी बसलेली मी पाहिली नव्हती. "मी नाही येत," म्हणाली. "ताईनं मले दाखवलं. तोंडात हात घालून राह्यलं होतं. मी नाही येत."
दादा एकटाच चौकापर्यंत गेला आणि परत आला. बस गेली.
दुपारी वहिनीनं पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. दोन साड्या, टॉवेल, तळाशी पिंकीचा जुना फ्रॉक. पिंकी तर जाणार नव्हती. विचारलं नाही. घडी घालून कपाटात ठेवला.

९ सप्टेंबर, सोमवार
वहिनीचे २० आठवडे. सरांना सांगितलं, आज सगळं तुम्हीच पाहा. बाहेर पेशंटच्या बाकावर बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.
समोरच्या भिंतीवर बोर्ड, यहाँ लिंग परीक्षण नहीं किया जाता. तो कोणी वाचत नाही. दार उघडलं की सगळ्या जणी बाहेर येणाऱ्याचं तोंड पाहतात. रोज बाहेर येणारी मी. हातात रिपोर्ट आणि हे तोंड.
किती जणींना मी…
रजिस्टरमध्ये नावं आहेत. तोंडाची नोंद नाही.
वहिनी ठीक. मांडीचं हाड ३३.

१२ सप्टेंबर, गुरुवार
ठरवलं आहे. प्रत्येकीला हसायचं. सारखंच. सकाळी आरशात करून पाहिलं, डावी बाजू जास्त वर जाते. पिंकी म्हणाली, "आत्या, दात दुखून राह्यला का?"
आज सात जणी, सात वेळा. पहिलीची सासू खूश. "समझ गए मैडम, समझ गए." चहा पिऊन परत आली तेव्हा मी तिसरीला हसत होते. पाहत राहिली.
"आप सबको हँसती हो क्या?"
"जी. सबको."
चेहरा पडला तिचा. पडू दे. आता तिला काहीच माहीत नाही.
सरांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

६ नोव्हेंबर, बुधवार
भाऊबीज. दादा ऑगस्टपासून माझ्याशी बोललेला नाही. आज पाटावर बसला. ओवाळलं. तबक खाली ठेवलं तेव्हा म्हणाला, "तक्रार लिहून ठेवली का?"
"नाही. कागद आणून ठेवलाय."
"तू ना..." दोन अनारसे खाल्ले. उठताना, माझ्याकडे न पाहता, "पोरगी झाली तं?"
"तर पिंकीला बहीण होईल."
काही बोलला नाही. म्हणजे काय, ते मी ठरवणार नाही. वहिनीनं आतून तिसरा अनारसा पाठवला. तोही खाल्ला.

२४ जानेवारी २००३, शुक्रवार
दवाखान्यात, बाकावर. वहिनी नऊपासून आत. दिलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी, चालतं. दादा बैहरहून निघाला आहे. पिंकी शेजारी.
यादी करून पिशवी भरली होती. टॉवेल, दुपटी, थर्मास. पिंकीचा जुना फ्रॉक. सगळ्यात खाली स्टीलची थाळी. दुपटं काढताना आईला दिसली.
"हे कायले?"
"वाजवायला."
"पोरगा झाला तरच..."
"काहीही झालं तरी."
"दवाखान्यात? लोक हासतीन."
"हसू दे की."
ती गप्प बसली, बराच वेळ. तिचं गप्प बसणं वाचायचा प्रयत्न केला नाही. मग म्हणाली, "अन् वाजवशीन कायनं?"
चमचा विसरले. इतकी यादी करून.
आईनं कमरेची कपाटाची किल्ली काढली आणि थाळीत ठेवली. आवाज झाला. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. आई म्हणाली, "अभी नहीं हुआ, बाई. देख रहे हैं, बजती है का नहीं."
११.४०. दार उघडून नर्स बाहेर आली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आईनंही.
"अभी टाइम है," म्हणाली आणि आत गेली.
थाळी माझ्या मांडीवर आहे.