शेंग आणि वाटाणा पाठवण्याबाबत

रविवार, ९ मार्च

चि. टिंगू,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दातांच्या सगळ्या डॉक्टरांनी एकाच आठवड्यात कवळ्या मागवायच्या असं आपसात ठरवलंय बहुतेक. टेबलावर एवढे जबडे मांडून ठेवलेत की काल दूधवाला आत डोकावला आणि पैसे न घेताच गेला.

तुझे बाबा ठीक आहेत. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आपल्या बिल्डिंगचे जिने चढताना धापा टाकतात. मी काही बोलले की म्हणतात, "टिंगू असती तर माझी बाजू घेतली असती." पोरीची उंची माझ्या कानापर्यंत गेली, आता तरी ते नाव बंद करा म्हटलं, पण ऐकतील तर शपथ.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की तुझ्या आईची हरकत नाही, गॅलरीला जाळी बसवून झाली, आता शेंग आणि वाटाण्याला पाठवून द्या. जाळीचं वाचून बरं वाटलं. पण बाई गं, तू गेलीस तेव्हाचे ते पोपट आता राहिले नाहीत. हे नीट समजून घे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या डोळ्यांसमोर अजून ती पिल्लं असतील. पक्षीवाल्याने बुटांच्या खोक्यातून आणून दिली होती ती, उघडीवाघडी, डोळे मिटलेली, पोट म्हणजे नुसता फुगा. त्यांची आई भरवायची थांबली होती म्हणून त्याने हात टेकले होते. तुझे बाबा म्हणाले, ही दोन दिवस काढायची नाहीत. तू पिल्लांच्या खाण्याची भुकटी कालवायचीस, मी मनगटावर थेंब टाकून किती ऊन आहे ते बघायचे, आणि मग तू सिरिंज धरायचीस. गळ्याखालची पिशवी फुगली की बस, जास्त नाही. तू शाळेत गेलीस की भरवायचं काम माझ्याकडे. एका हातात कोणाची तरी दाढ आणि दुसऱ्या हातात वाटाणा! अंगावर काट्यांसारखी पिसं फुटली तेव्हा तू म्हणालीस, हे पोपट नाहीत, कपडे घासायचे ब्रश आहेत.

मग ती गोड झाली. तुझ्या कॉलरमध्ये झोपायची, मान पुढे करून खाजवून घ्यायची, कोणीही हात पुढे केला की टुणकन चढायची. पाहुणा असो की वीज मंडळाचा माणूस, सगळे आपलेच. तू गेलीस ती त्याच दिवसांत.

ते सगळं संपलं, टिंगू. दोघं वयात आलीत. शेंगेने तर नाकी नऊ आणलेत. गेल्या थंडीत तिने तुझ्या खोलीतला मोज्यांचा खण ताब्यात घेतला. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून शेपटीत खोचायची आणि तिकडे न्यायची. खणाजवळ कोणी गेलं की पिसं फुलवून अंगावर. आम्हाला वाटलं डोकं फिरलं. एके दिवशी बघते तर तुझ्या पिवळ्या मोज्यावर अंडं! म्हणजे शेंग ती शेंगच निघाली, नाव बरोबर ठेवलं होतंस. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यातून काही निघणार नाही, पण काढून घेऊ नका, दुसरं घालेल. बसू दे, कंटाळली की आपणहून उठेल. बसली गं, कितीतरी दिवस बसली. मागच्या महिन्यात उठली आणि पुन्हा त्या खणाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

चावते म्हणजे काय, रक्त काढते. माझ्या अंगठ्याला दोनदा पट्टी झाली. जी बाई गावभर दात पुरवते तिलाच चावायचं म्हणजे हिंमत बघ. वाटाणा चावत नाही, पण स्टीलच्या चमच्यात स्वतःला बघून गाणी म्हणतो आणि चमचा काढला तर घर डोक्यावर घेतो. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा दोघं मिळून असा कल्ला करतात की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी कानातलं यंत्रच काढून ठेवलंय. खूश आहेत ते.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आमचं कुठे काही चुकलं का? त्या हसल्या. म्हणाल्या, लहानपणी पिल्लाला सगळे हवे असतात, वयात आलं की त्याला आपलं मत फुटतं. चावली तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, अलगद खाली ठेवायचं आणि त्याच खोलीत आपलं काम करत बसायचं. तुम्ही नकोशा झालात असं नाही, आत्ता नको एवढंच ती सांगतेय. मी तसंच करते. तिथेच बसते, कवळीचं मेण घासत. कधी कधी तासाभराने शेंग आपली येते, खांद्यावर बसते, जणू काही झालंच नाही.

जागा बदलायचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की या वयात घर बदललं तर पक्षी बिथरतात, पिसं उपटतात, खाणं सोडतात.

तेव्हा माझं मत असं की तूर्त थांबावं. पुढच्या वर्षी बघू. तुझी परीक्षाही तोंडावर आहे, त्यात हा गोंधळ कशाला? वाटाण्याचं एक पीस सोबत ठेवलंय. शेंगेचं मागितलं, तिने दिलं नाही.

खोकला कमी झाला का ते कळव. आईंना नमस्कार सांग.

— मी

---

मंगळवार, ११ मार्च

टिंगू,

हे पत्र मागच्या पत्राच्या पाठोपाठ पोचेल. कदाचित दोन्ही एकदमच मिळतील, तर हे आधी वाच.

ते पत्र काल सकाळी पेटीत टाकलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. पेटीचं तोंड एवढं अरुंद की मनगटाच्या पुढे हात जात नाही. मी घालून पाहिला. तेवढ्यात पेटी उघडायला टपालवाला आला. त्याला म्हटलं, दादा, एक पत्र परत हवंय, निळं पाकीट, आत पीस आहे. तो म्हणाला, "बाई, आत पडलं की ते आमचं." वाद घातला, पण बधला नाही. माणूस नियमाचा आहे, काय करणार!

तर त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. डॉक्टरीणबाईंचं पुढचं बोलणं मी खाऊन टाकलं. त्या म्हणाल्या, बिथरतात खरे, पण दोघांना एकाच पिंजऱ्यात न्या, सवयीचं माणूस बरोबर राहू दे, पंधरवड्यात रुळतील. आणि वर म्हणाल्या, "ज्या पोरीने भरवलं तिच्याकडेच जायचेत ना? मग घोडं अडलंय कुठे?"

घोडं माझ्यापाशी अडलंय.

तू फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्या पलीकडे जात नाहीस. बाबांशीसुद्धा. पण पोपटांसाठी मला चार चार पानं लिहितेस. शेंग काय खाते, वाटाणा नवीन काय बोलला, नखं कापली का, पंख्याला जाळी लावली का. मी रात्रीची भांडी तशीच टाकून ती वाचते. मग त्यात मधेच कुठेतरी तुझ्या शाळेतली ती भांडकुदळ मैत्रीण येते, गणिताच्या सरांची टोपी येते, आईने तुझे केस कापले ते येतं. मी कशी आहे हे तू विचारत नाहीस, आणि विचारायलाच हवं असं काही नाही. मला तेवढंही पुरतं. पोपट तिकडे आले की तू मला कशाला लिहिशील? बाबांना बाबा म्हणून फोन करशील. माझ्याशी बोलायला तुला काय कारण उरेल? ही भीती आहे बघ. परवा त्या पिसांचं आणि खाणं सोडण्याचं एवढं लांबण लावलं ते या भीतीपोटी.

आईकडे राहायचं तू ठरवलंस ते योग्यच केलंस. आई आहे ती तुझी. मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि तुला कोणी विचारलं नव्हतं. शेजारच्या बाई मला म्हणाल्या होत्या, सावत्र आहेस, जपून वाग. मी इतकी जपून वागले की तुझ्या खोलीत यायलासुद्धा दार वाजवायचे, आणि दार तर उघडंच असायचं.

तू मला कशानेच हाक मारली नाहीस कधी. आई नाही, मावशी नाही, काकूसुद्धा नाही. 'ऐका ना', 'ते जरा द्या ना'. त्यातही किती कसरत करायचीस ते मला कळायचं. एकदा मी घराच्या त्या टोकाला होते, तर हाक मारायला नको म्हणून पूर्ण घर ओलांडून आलीस आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "ऐका ना."

फक्त एकदाच वेगळं झालं. तुला आठवतही नसेल. शेंग पहिल्यांदा उडाली तो दिवस. सगळ्यांना वाटत होतं अजून आठवडाभर तरी उडत नाही, आणि ती एकदम टेबलावरून उठली, दिव्याला वळसा घातला आणि सरळ बाहेरच्या दाराकडे. दार सताड उघडं, कारण बाबा शिडी घेऊन आत येत होते. तू स्वयंपाकघरातून जिवाच्या आकांताने ओरडलीस, "अगं, दार लाव!"

मी लावलं. तुझ्या बाबांच्या नाकावर. शेंग पडद्याला जाऊन लटकली, बाबा बाहेरून ओरडत होते, तू त्या गडबडीत लालबुंद होऊन माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "म्हणजे... लावा."

  त्या दिवशी जबडा घासताना मी एकटीच हसत होते आणि रडतही होते. कोणा गृहस्थांची कवळी ढिली झाली ती त्यामुळे. घाबरलं की माणूस आपल्या माणसाला अगं म्हणतं, तसं म्हटलंस तू. परक्या बाईला कोणी घाबरून अगं म्हणत नाही. नाही ना म्हणत? का मीच वेडी?

असो. ठरलं ते सांगते. पोपट तुझे आहेत, पाठवते. पुढच्या आठवड्यात, शनिवारी सकाळच्या गाडीने. बाबा आणतो म्हणत होते, पण शेंग त्यांना पिंजऱ्याला हात लावू देत नाही. मला चावते, पण माझ्याबरोबर येते. तेव्हा मीच घेऊन येईन. आईंना आधी विचार, मी आत आले तर चालेल का. अवघड होत असेल तर तसं स्पष्ट कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. दारातच पिंजरा देईन, चमचा देईन, भुकटीचा उरलेला डबा देईन आणि तीनच्या गाडीने परत फिरेन.

शेंग पहिले काही दिवस तुलाही चावेल. तू जाऊन वर्ष झालंय, ओळख पुन्हा करून घ्यावी लागेल. हात मागे घेऊ नकोस. तिच्या मागेही लागू नकोस. अभ्यासाचं टेबल तिच्याच खोलीत हलव म्हणजे झालं.

आणि पोपट तुझ्याकडे आल्यावरही मला लिही. काहीही लिही. सरांच्या टोपीबद्दल लिही. दोन ओळी चालतील.

तुझ्याशिवाय पोपटांना करमत नाही, असं वरती कुठेतरी लिहायचं मनात होतं. पण पोपटांचं मला काही माहीत नाही, टिंगू. मला करमत नाही.

तुझी,
तू म्हणशील ती