फोनवरची टकटक

१२ सप्टेंबर

हालिनाने आज घोळ घातला. आमचे मुख्य अर्थतज्ज्ञ ल्युबोमिर यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्यांचा फोटो, फोटोपुढे व्होडकाचा पेला आणि पेल्यावर काळ्या पावाची फोड! गेलेल्या माणसापुढे ठेवतात तशी. अगं, पण ते गेलेत कुठे? आघाडीवर बेपत्ता आहेत. जूनपासून त्यांच्या तुकडीतलं कुणीच सापडलं नाही, एवढंच सैन्याने कळवलंय.

आमची ही सेक्रेटरी, मन सोन्याचं, डोकं रिकामं. "त्यांना बरं वाटेल म्हणून ठेवलं," म्हणाली. मी पेला उचलायला गेले, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की हात मागे घेतला. भित्री कुठली!

१४ सप्टेंबर

ल्युबोमिरच्या आई, स्तेफामावशी, पोदिल भागातल्या घरून बटाटा भरलेल्या वरेनिकीचा डबा घेऊन आल्या आणि नेमका तो पेला त्यांच्या नजरेस पडला. आवाज चढवला नाही. व्होडका खिडकीतल्या कुंडीत ओतली, पावाची फोड रुमालात बांधली आणि हालिनाला शांतपणे म्हणाल्या, "जिवंत माणसाच्या नावाने मेलेल्याचा घास मांडलास, पोरी. आता कुणीतरी येईल तो खायला. माझाच मुलगा येईल असं नाही."

हालिना रडत बसली. वरेनिकीचा डबा कुणी उघडलाच नाही.

१८ सप्टेंबर

सकाळचा फोन. बाजार उघडायच्या आधी आम्ही सगळे एका लाइनीवर येतो, मी महागाई, व्याजदर, आमच्या रिव्न्या चलनाच्या भावाचा अंदाज सांगते आणि कर्जरोखे विकणारे तो घेऊन गिऱ्हाइकांमागे लागतात. हे काम ल्युबोमिरचं. ल्विवच्या विद्यापीठातून मला उचलून आणलं त्यांनी, शेजारी बसवलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं: आकडा सांगताना आवाज पाडायचा नाही.

आज स्क्रीनवर एक माणूस जास्त. नाव नाही. कोण आहे म्हणून विचारलं. मागे नुसता वारा. माझं बोलणं संपलं आणि तो गेला.

१९ सप्टेंबर

पुन्हा आला.

२२ सप्टेंबर

ओस्तापला दाखवलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तोच बघतो. म्हणे ही जोडणी ल्युबोमिरच्या खात्यावरून होतेय.

"ते खातं तर मी जूनमध्ये स्वतःच्या हाताने बंद केलंय."

मग हे काय, विचारलं. "भूत," म्हणाला आणि हसला. मग हसायचा थांबला.

४ ऑक्टोबर

महागाईचा अंदाज सांगितला आणि लाइनीवर आवाज आला — टकटक. दोनदा.

ल्युबोमिरची सवय! मी चुकले की पेन्सिलीची मागची बाजू टेबलावर दोनदा आपटायचे. बोलायचे नाहीत. बरोबर असेल तर काहीच नाही. पाच वर्षं ही टकटक ऐकून मी अर्थतज्ज्ञ झाले. इतरांना फोन खराब झाल्यासारखा वाटला. मी म्हटलं, थांबा, आणि आकडा खाली आणला. मग शांत.

११ ऑक्टोबर

सुधारलेला आकडा तंतोतंत खरा ठरला! लंडनच्या गिऱ्हाइकांनी खास फोन करून कौतुक केलं. आमचे संचालक वादिम म्हणाले, ओरिस्या, तुला आतला आवाज ऐकू येतो की काय? मी दात दाखवले. दुसरं काय करणार?

२६ ऑक्टोबर

वादिमनी केबिनमध्ये बोलावलं. मुख्य अर्थतज्ज्ञाची जागा मला देतायत. दारावरची पाटीसुद्धा बदलायची म्हणतात.

हवी आहे मला ती जागा. इथे खोटं कशाला लिहू? पण ते परत येणार असतील तर त्या खुर्चीत मला बसवणार नाही. म्हणून आज फोन संपल्यावर सगळे गेले तरी मी लाइन सोडली नाही. तोही थांबला. बराच वेळ वारा ऐकला. मग सगळा धीर गोळा करून मी म्हणाले, "ल्युबोमिर, तुम्ही मेलात."

टकटक. दोनदा.

चूक! चूक म्हणाले! मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

२७ ऑक्टोबर

स्तेफामावशींना सांगून आले. वाटलं होतं, वेड्यात काढतील. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, मला बिटाचं बोर्श्च वाढलं आणि म्हणाल्या, "रोज बोल त्याच्याशी. काही झालं तरी लाइन सोडू नकोस."

वादिमना नाही सांगितलं. पाटी तूर्त आहे तशीच राहू दे, एवढंच म्हटलं.

९ नोव्हेंबर

हवाई हल्ल्याचा भोंगा. सकाळचा फोन तळघरातल्या पार्किंगमधून, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून. ते आले. आज वारा फारच जोरात.

१ डिसेंबर

सापडले! युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत सुटले! स्तेफामावशींचा फोन आला आणि मी ऑफिसात सगळ्यांदेखत किंचाळले. मावशींबरोबर मी त्यांना घ्यायला गेले. बसमधून उतरताना तीस किलोंनी कमी दिसले, पण तेच. तेच कपाळ, तोच भुवईवरचा व्रण. मिठी मारली. अंग बर्फासारखं गार होतं, बिचारे!

५ डिसेंबर

बेपत्तांच्या यादीतून नाव काढलं. मावशी दर रविवारी चौकात ज्या बायकांबरोबर बेपत्तांचे फोटो घेऊन उभ्या राहायच्या, त्यांचा त्यांनी निरोप घेतला. शोधायचं आता कुणाला?

फोनवरचा पाहुणाही एक तारखेपासून येत नाही. कशाला येईल!

११ डिसेंबर

मावशींना फोन केला. म्हटलं, कसे आहेत? "झोपतो बरा," म्हणाल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "पाव फार खातो गं. काळाच मागतो."

भूक काढलीय त्यांनी. मी समजूत घातली.

१८ डिसेंबर

ल्युबोमिर ऑफिसात आले. टाळ्या, केक, हालिना ढसाढसा. सगळ्यांची नावं बरोबर सांगितली. मग आपल्या खुर्चीत बसले, समोरच्या टेबलावरून हात फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "इथली पावाची फोड कुठे गेली?"

पेल्याबद्दल, पावाबद्दल त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी हालिनाला, ओस्तापला, वादिमना विचारलं. मावशींनाही विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

१९ डिसेंबर

सकाळचा फोन. ल्युबोमिर माझ्या शेजारी बसले होते. स्क्रीनवर एक माणूस जास्त होता, पण बातमी सांगायच्या घाईत मी माणसं मोजलीच नाहीत. म्हटलं, मंडळी, चांगली बातमी — ल्युबोमिर परत आलेत.

टकटक. दोनदा. मागे तोच वारा.

शेजारी ल्युबोमिरनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला होता.