पातेल्यावरची भाकरी

काठमांडू
जानेवारी १९७४

तीर्थरूप अव्वांना दोघांचं शरणु शरणार्थी.

आम्ही सुखरूप आहोत. एका बाईंच्या घरात स्वस्तात खोली मिळाली. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. थंडी लई आहे, पण तुमच्या चादरींनी निभावलं. तुम्ही नीलूला ठेवून घेतलंत म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं कुठं निघालो. ती रडत नाही ना? तुमचे गुडघे कसे आहेत?

ह्यांना जरा कणकण होती. आता उतरली, म्हणून कळवते. इथला भात नकोच म्हणायचे. तुम्ही बांधून दिलेली कडक भाकरी डाळीत कुस्करून द्यावी म्हणून मी चुलीजवळ ठेवली. घरमालकिणीला ते झाकण वाटलं. तिनं उकळत्या डाळीवर ठेवून दिलं की. मी बघितलं तोवर वाफेनं भाकरी मऊ झाली होती आणि ज्वारीचा वास घरभर सुटला होता.

हे आपणहून उठून आले. तव्यावरून आत्ताच उतरल्यासारखी ती भाकरी सगळी खाल्ली आणि हसत विचारलं, "अव्वा कधी आली?"

मी म्हटलं, "सोलापुरातनं बरोबरच निघाल्यात."

तुमची,
हेमावती